वर्दी उतरवल्यानंतरचा बाप

गणपतीपुळे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो, वाळू येते, डोंगराला घातलेली प्रदक्षिणा येते आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी तुंबलेला रस्ता येतो. याच परिसरात, आंबा-काजूच्या बागांपलीकडे, जांभ्या दगडाच्या उतारावर आपल्याही माणसांच्या वाड्या आहेत, हे त्या गाड्यांतून उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे आणि पोलीस दल चालवायला कोकणातल्या अशाच वाड्यांतून चाकरमानी गेले, हे तरी कुणाला सांगायचे?

आम्ही मध्यंतरी तिकडे गेलो ते समुद्र पाहायला नव्हे. तिथल्याच एका बौद्धवाडीत एका निवृत्त फौजदाराचे प्रथम पुण्यस्मरण होते. पोलीस शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस पायरी पायरीने चढत फौजदार होऊन निवृत्त झाला आणि मुंबईची पोलीस लाईन सोडून बायकोसह गावी येऊन राहिला. घरच्या मंडळींनी आम्हाला बजावले, "पेपरात नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, नाव लिहू नका." तेव्हा वाडी त्यांना जे म्हणत असे तेच आम्हीही म्हणू. फौजदार आबा.

विहारात त्रिशरण-पंचशील झाले. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार झाले. मुंबई मंडळाचे लोक रात्रभर प्रवास करून आले होते. एकामागून एक माणसे उठून आबांचे गुण सांगू लागली. आबा शिस्तीचे होते, आबा निर्व्यसनी होते, आबांनी दोन्ही मुले शिकवली. शोकसभेत बोलतात तसेच सारे चालले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतला विशी-बाविशीतला एक तरुण उभा राहिला.

"आबांबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला, "पण खरं बोलायचं तर त्यांनी आयुष्यभर सरकारची नोकरी केली, आपला संसार केला, आपली पोरं शिकवली. चळवळीसाठी काय केलं? एका मोर्चात तरी ते दिसले का? मग गावाने त्यांचं पुण्यस्मरण कशासाठी करायचं?"

सभा गप्प झाली. दोन-चार वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुणीतरी त्याला खाली बसायला सांगितले. आम्हाला मात्र त्या पोराचा राग आला नाही. राग यावा असा तो प्रश्नच नव्हता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपल्याच शिकलेल्या माणसांबद्दल जे दुःख बोलून दाखवले, त्याच दुःखातून आलेला तो प्रश्न होता. शिकून नोकरीला लागलेला माणूस समाजाकडे पाठ फिरवतो आणि आपल्या चार भिंतींत रमतो, हे बाबासाहेबांचे शल्य होते. आज आपल्यातले हजारो कर्मचारी, अधिकारी पेन्शन घेऊन घरी बसले आहेत. त्या तरुणाने तोच हिशेब आबांच्या फोटोसमोर मागितला, एवढेच.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. पोलीस दल (अधिकारांवर निर्बंध) अधिनियम, १९६६ हा कायदा पोलिसाला परवानगीवाचून राजकीय संघटनेत जाऊ देत नाही, अशा कामासाठीच्या सभा-निदर्शनात भाग घेऊ देत नाही. म्हणजे आबा मोर्चात दिसले ते मोर्चाच्या कडेला, हातात काठी घेऊन. ६ डिसेंबरला लाखो लोक दादरला चैत्यभूमीवर रांगेत उभे असत, तेव्हा आबा त्याच रांगेच्या बंदोबस्ताला उभे असत. ड्युटी संपल्यावर ते पुन्हा त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत. घरी यायला पहाट होई आणि घरी कुणी विचारायचे नाही, असे त्यांच्या पत्नीने आम्हाला सांगितले. पण कायद्याच्या आडोशाने सगळे प्रश्न मिटत नाहीत. तो तरुण कायद्याबद्दल विचारत नव्हता. तो माणसाबद्दल विचारत होता.

त्याला उत्तर दिले आबांच्या मुलीने. ती उठली तेव्हा वाटले, आता ही बापाची बाजू मांडणार. तिने सांगितली एक वेगळीच गोष्ट.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि आपली १० माणसे मारली. पुढे गुंडेवार आयोगाने चौकशी केली आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या फौजदाराला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण त्या संध्याकाळी पोलीस लाईनमधल्या एका घरात काय घडले, ते कुठल्या आयोगाच्या अहवालात येणार?

"मी आठवीत होते," ती म्हणाली. "बाबा रात्री उशिरा घरी आले. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि मी विचारलं, बाबा, ही टोपी आणि त्यांची टोपी एकच ना? आई माझ्यावर ओरडली. बाबा काही बोलले नाहीत. जेवले नाहीत. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार वर्तमानपत्रं आणली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. मग म्हणाले, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तू विचारलंस ते बरोबर केलंस. यापुढेही विचार. मलाही विचार."

थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "बाबांनी तेव्हा नोकरी सोडली नाही. वरिष्ठांना जाब विचारला नाही. मला ते आजही पटत नाही. पण आमच्या घरात त्यांनी कुणाचाही प्रश्न दाबला नाही. लाईनमधल्या किती घरांत हे होतं, ते मला माहीत आहे."

एवढे बोलून ती बसली. त्या तरुणाने मान खाली घातली नाही आणि घालायला नकोही होती. त्याचा प्रश्न आणि तिचा प्रश्न एकाच जातकुळीचे होते.

सभा आटोपल्यावर आम्ही मालगुंडला गेलो. गणपतीपुळ्याला अगदी लागूनच हे गाव. कवी केशवसुतांचा जन्म इथला, आणि १९९४ पासून इथे त्यांचे स्मारक आहे. पर्यटक तिथेही जातात, फोटो काढतात. पण याच केशवसुतांची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या नावाची कविता आहे, याची आठवण त्यातल्या किती जणांना होते? एकोणिसाव्या शतकात, ब्राह्मण घरात जन्मलेल्या या कवीला एक गोष्ट उमगली होती. अस्पृश्यतेचा पहिला घाव बसतो तो लेकराला, आणि ते लेकरू पहिला प्रश्न घेऊन येते ते आपल्या घरी. त्या प्रश्नाला घर काय उत्तर देते? 'गप्प बस, आपलं नशीब' असे सांगते, की आणखी काही? पिढ्यान् पिढ्या हे उत्तर नशिबाचेच होते. ते बदलले तेव्हा इतिहास बदलला.

आणि ते बदलणारा बाप याच जिल्ह्याचा!

मालगुंडहून रस्ता जयगडला जातो. तिथे फेरीबोटीत बसून शास्त्रीची खाडी ओलांडली की तवसाळ, मग गुहागर. धोपाव्याला दुसरी फेरीबोट, वाशिष्ठीची खाडी आणि पलीकडे दाभोळ. पुढे दापोली आणि त्याच्याही पुढे मंडणगड तालुक्यातले आंबडवे. हे सकपाळांचे मूळ गाव. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे. सकपाळांच्या घराच्या जागी आज स्मारक आहे. गणपतीपुळ्याच्या वाळूवर उतरणारी किती पावले तिथपर्यंत पोचतात, हा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. आपली तरी किती पोचतात, तो मांडावा.

रामजी सुभेदार हे बाबासाहेबांचे वडील, एवढे म्हणून आपण पुढे जातो. पण थोडे थांबून त्या माणसाकडे निवृत्त वर्दीवाला आणि कुटुंबवत्सल बाप म्हणून पाहा. वडील मालोजी लष्करात. सासरे लष्करात सुभेदार-मेजर. स्वतः रामजी लष्करी शाळेत वर्षानुवर्षे शिक्षक. कबीरपंथी, दारूला न शिवणारे. पत्नी भीमाबाईंच्या पोटी १४ अपत्ये झाली, त्यांतली पाच जगली. बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोली कॅम्पात आले. आपल्या लष्करी पेन्शनरांची ती वस्तीच होती. हवालदारकीवरून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकरही याच दापोलीचे. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' उभारून महारांना लष्करात पुन्हा घ्या म्हणून सरकारकडे अर्ज करणारे. पेन्शनीत आलेल्या माणसाने हातात लेखणी घेतली म्हणजे काय होते, ते दापोलीने आपल्या कितीतरी आधी पाहिले आहे.

पुढे सुभेदार साताऱ्याला नोकरीला आले. १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. घरात लहान मुले, सांभाळायला अपंग आत्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. हाच दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. तलावाचे दुष्काळी काम चालले होते. १९०१ च्या सुट्टीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. नवे कपडे, भरजरी टोप्या घालून पोरे मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणीच आले नाही. मुलांचे पत्र सुभेदारांच्या हाती पडलेच नव्हते. त्यांचा शिपाई ते द्यायला विसरला होता. पोरे महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली ती मुलांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार. रात्रभर जवळ जेवण होते आणि पाणी मिळाले नाही म्हणून ते घशाखाली उतरले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला.

आता त्या बापाच्या जागी उभे राहून पाहा. सुभेदार हुद्द्याचा माणूस. हाती पगार, हाती पेन्शन, इंग्रजी येणारा, साहेबांत ऊठबस असलेला. पण स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर आपल्या लेकराला घोटभर पाणी मिळेल, एवढेही त्याच्या वर्दीने मिळवले नव्हते! दुसऱ्या दिवशी दमलेली, तहानलेली पोरे दारात आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कोणता प्रश्न असेल? केशवसुतांनी कवितेला जे नाव दिले, तोच.

रामजींनी त्या प्रश्नाला उत्तर दिले ते तोंडाने नव्हे. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच अभ्यास. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे, हा सुभेदारांचा पहारा. लष्करातला पहारा संपला, घरातला सुरू झाला. भिवाने पुस्तक मागितले की पैसे नसले तरी 'नाही' म्हणायचे नाही. लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. दोन्ही मुलांना शिकवणे परवडेना, तेव्हा आनंदरावांचे शिक्षण थांबले आणि ते नोकरीला लागले. भिवाच्या पुस्तकामागे बहिणींचे दागिने आहेत आणि भावाची थांबलेली शाळा आहे. आपण बापाचे नाव घेतो तेव्हा या भावंडांचेही घेतले पाहिजे.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले. पुढे पदवीधर होऊन १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीला गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. जगाने ज्याला पुढे महामानव म्हटले, त्याचा बाप आपल्या लेकाची बॅरिस्टरी, डॉक्टरेट, महाडचे तळे, राज्यघटना यांतले काहीएक न पाहता गेला.

मग त्या तरुणाचा प्रश्न रामजींना लावून पाहू. सुभेदारांनी चळवळीसाठी काय केले? नोकरी केली, पेन्शन घेतली, पोरे शिकवली. वरवर पाहता एवढेच तर केले!

पण एवढेच म्हणजे किती, ते आज आपल्याला कळते. घर हीसुद्धा चळवळीची एक आघाडी आहे. तिथे घोषणा नसतात. तिथे पहाटे दोनला जागणारा बाप असतो, दागिना काढून देणारी बहीण असते, शाळा सोडणारा भाऊ असतो. या आघाडीवर हरलेला समाज रस्त्यावर जिंकू शकत नाही.

याचा अर्थ आपापले घर सांभाळले की झाले, असा मात्र कुणी काढू नये. कारण आबांच्या अंगावर जी खाकी आली ती काही आभाळातून पडली नव्हती. १८९० च्या दशकात लष्कराचे दार आपल्याला बंद झाले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी महार समाजाच्या वतीने सरकारकडे जो अर्ज केला, त्यात सैन्याबरोबर पोलीस शिपायाच्या नोकरीचीही मागणी होती. बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेल्यावर १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली गेली. ते तिचे सदस्य होते आणि १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांच्या पोलीसभरतीचा विषय होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. खोतीच्या वेठीखाली दबलेल्या या रत्नागिरी जिल्ह्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती निर्मूलनाचे विधेयक आणले. एका शिपायाच्या बिल्ल्यामागे एवढा इतिहास उभा असतो. बिल्ला घालणाऱ्याने तो विसरला तर ती कृतघ्नताच.

आबा विसरले नव्हते, हे आम्ही त्यांच्या पडवीत पाहिले. तिथे लाकडी टेबल आहे, त्यावर अजूनही त्यांची जाडजूड वही आहे. गावी आल्यावर रोज सकाळी दोन तास ते इथे बसत. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, विधवेची पेन्शन, ज्याचे जे अडले असेल ते. कुणाचे काम कुठल्या टेबलावर अडले आहे, हे त्या वहीत तारीखवार लिहिलेले. पोलीस ठाण्यात पाऊल ठेवायला घाबरणाऱ्या माणसाला ते सांगत, "मी आतून बाहेर आलोय, आत काय असतं ते मला विचार." तक्रार नोंदवली की तिची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमातही ती आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा असेल तर तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असे १९९५ चे नियम सांगतात. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला त्याच कायद्याचे चौथे कलम लागू होते. हे सगळे आबांनी मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावले होते. ते अजून तिथे आहे.

घरातही तेच. गावचे घर पत्नीच्या आणि त्यांच्या, दोघांच्या नावावर. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. बँकेत अंगठा लावणाऱ्या बायकोला त्यांनी पन्नाशीनंतर सही करायला शिकवले. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदावर त्या बाईने स्वतःची सही केली. ती सही आम्हाला दाखवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात अभिमान. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, ते कशासाठी, हे ज्याने आपल्या उंबरठ्याच्या आत अमलात आणले, त्याने चळवळीसाठी काही केले नाही, असे कसे म्हणायचे?

आम्ही आबांना थोर ठरवायला हा लेख लिहीत नाही. १९९७ च्या जुलैमध्ये ते गप्प राहिले, हे त्यांच्या मुलीनेच भर सभेत सांगितले, आणि ते नोंदवल्याशिवाय त्यांचे स्मरण खरे होणार नाही. वर्दीतला आपला माणूस आपल्यावर झाडलेल्या गोळीसमोर गप्प राहतो, याला नुसती नोकरी कारण नसते. त्यामागे घरातली चूल असते, पोरांची फी असते, लाईनमधली खोली जाण्याची भीती असते. कुटुंबावरची मायाच कधी कधी माणसाचे तोंड बांधते. पण आबांनी त्या गप्प बसण्याला शहाणपण म्हटले नाही आणि लेकीला गप्प बसायला शिकवले नाही. आपल्याला जे बोलता आले नाही ते पुढच्या पिढीला बोलता यावे, अशी जागा त्यांनी घरात राखली आणि निवृत्तीनंतर तीच जागा पडवीत आणून वाडीला खुली करून दिली.

आज आपल्या प्रत्येक तालुक्यात निवृत्त पोलीस आहेत, सैनिक आहेत, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी आहेत. पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होते. मुले मार्गी लागली आहेत. सकाळी फिरायला जावे, संध्याकाळी टीव्ही पाहावा, १४ एप्रिलला पांढरे कपडे घालावेत. झाले! त्यांना आमचे विचारणे एवढेच आहे की, तुमच्या पडवीत टेबल आहे का? ज्या कचेरीच्या आतली वाट तुम्हाला पाठ आहे, ती वाट तुम्ही वाडीतल्या किती जणांना दाखवली? आणि तुमच्या घरात तुमच्या लेकीला तुम्हाला अवघड प्रश्न विचारता येतो का?

निघताना तो तरुण आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. काही वेळ दोघेही बोललो नाही. मग तो म्हणाला, "सभेत मी बोललो ते चुकलं का?" आम्ही म्हणालो, "नाही. आबा असते तर त्यांनी तुला बोलू दिलं असतं." गाडी दिसू लागली तशी त्याने विचारले, "आबांची ती वही आता कोण चालवणार?"

त्याला उत्तर आम्ही दिले नाही. पुढच्या सोमवारपासून सकाळी दोन तास आपण पडवीत बसणार असल्याचे त्याने नंतर फोन करून कळवले. आबांची मुलगी सुट्टीत आली की तीही बसणार आहे.

आंबडव्याच्या सुभेदार बापाला, भिवासाठी झिजलेल्या त्याच्या लेकरांना आणि गणपतीपुळ्याच्या आमच्या फौजदार आबांना विनम्र अभिवादन! जयभीम!